तावून तोललेलं लँथेनम

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, की मॅडमनी अणुबॉम्बच्या क्षेत्रात मोलाचं संशोधन केलं. मागच्या बाकांवरची मुलं तेव्हा पहिल्यांदा जागी झाली. मॅडम म्हणजे माझी मैत्रीण; तिला दिवाळीतला सुतळी बॉम्बसुद्धा सोसत नसे. कानात बोटं घालून ती आत पळायची. तिने काय केलं होतं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. लँथेनम नावाच्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचे अणू किती न्यूट्रॉन गिळतात, हे आम्ही दोघींनी मिळून मोजलं होतं, आणि त्या मोजणीतली चूक तिने एकटीने पकडली होती. ती चूक आजही छापलेली आहे. शोधनिबंधावर माझं नाव आहे, आमच्या मार्गदर्शक सरांचं आहे. तिचं नाही.

प्राचार्यांनंतर सर उठले. ते शहरातून खास गाडी करून आले होते आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं. "आमच्या त्या कामात तिचाही खारीचा वाटा होता," ते म्हणाले. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. प्रत्यक्षात ती पन्नास सेकंदांची होती. मोजायची सवय जात नाही.

आम्ही दोघी एकाच जिल्ह्यातल्या. मी मेडशीची, घरी सोयाबीन आणि तूर. ती कारंज्याची. तिचे वडील आणि भाऊ झारेकरी, म्हणजे सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट, राख, भट्टीखालची माती विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे. वसतिगृहात मुली तिला विचारायच्या, "काय वं, आमच्या खोलीतला केर नेतेस का?" ती म्हणायची, "नेईन ना. पण तुमच्या केरात काय निंगन? केसं आन् टिकल्या." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आणि आपल्या घरचं पीक पोत्यात भरतात, केरात शोधत नाहीत, असा एक फालतू अभिमान त्या हसण्यात असायचा.

पीएचडीच्या काळात आम्हाला एका अणुभट्टीवर चार दिवस मिळाले. लँथेनम ऑक्साइडची पांढरी पूड तोलायची आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायची. ज्या अणूने न्यूट्रॉन गिळला तो किरणोत्सर्गी होतो. चाळीसेक तासांत असे निम्मे अणू विझतात आणि विझताना गॅमा किरण सोडतात, ते मोजायचे. त्या मोजणीला पुडीतल्या अणूंच्या संख्येने भागलं की एका अणूची भूक कळते. अणूंची संख्या वजनावरून काढायची. म्हणजे कितीही महागडी यंत्रं असली तरी सगळी मदार तराजूवर.

पूड मी तोलली. बाटलीवर नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के शुद्ध असं छापलेलं होतं आणि मी वाचता येणारी मुलगी होते. बाटली किती महिने सैल झाकणाने पडून होती, हे लेबलवर लिहिलेलं नसतं.

ती शेजारी उभी होती. "पहिले तावली काय वं?" तिने विचारलं, म्हणजे भट्टीत तापवून घेतली का.

"ऑक्साइड आहे गं. सोनं नाही."

"आमच्या घरी राखबी तावल्याबिगर काट्यावर ठेवत नाहीत. ओल असते तिच्यात."

सर दारात होते. "इथे तुमचा केरकचऱ्याचा धंदा आणू नका," ते म्हणाले. मी हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून हसले.

ओला दाणा काट्यावर जास्त भरतो, हे सोयाबीनच्या घरातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. पोतं बाजारात नेण्याआधी माझे वडील दाणा दाताखाली धरून पाहायचे. पण पांढरा कोट चढवला की घरचं ज्ञान चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं, अशी माझी समजूत होती. लँथेनम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढून घेतं, हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. ते पुस्तक मी वाचलं होतं, परीक्षेसाठी.

आमचा आकडा मान्य आकड्यापेक्षा सुमारे सातव्या हिश्श्याने कमी आला. सरांनी चहा संपायच्या आत कारण शोधलं: गॅमा मोजणाऱ्या यंत्राची क्षमता आपण जास्त धरली. त्यांनी त्या क्षमतेचा गुणक कमी केला आणि आमचा आकडा पुस्तकातल्या आकड्याला जाऊन चिकटला. निबंधात 'उत्तम मेळ' असे शब्द आहेत. ते माझे. पुढे त्याच बदललेल्या गुणकाने आम्ही आणखी दोन मूलद्रव्यं मोजली. त्यांच्या पुडी कोरड्या होत्या, त्यामुळे ते दोन्ही आकडे फुगले. त्यांचे जुने आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून आमचे खपून गेले आणि लोक ते उतरवून घेत राहिले.

न्यूट्रॉन न लागलेली उरलेली पूड तिने मागून घेतली. सुट्टीत घरी नेली, त्यातली अर्धी मुशीत घालून भट्टीत तावली, भावाच्या काट्यावर आधी आणि नंतर तोलली. मग मला गाठायला मुद्दाम वाशीमच्या बसस्थानकावर आली. अकोल्याची गाडी लागली होती. मला मेडशीला उतरायचं होतं.

"सातवा हिस्सा उडाला, पाह्य," तिने वही माझ्यापुढे धरली. "यंत्र बरोबर हाय. पूड ओली होती. निबंध थांबव."

"सरांना कोण सांगणार?"

"तू. तूच तोलली ना?"

"राहू दे ना आता. आकडा तर बरोबर आलाय."

"मंग मोजला कायले? पुस्तकातून उतरवून घेतला असता तं बसभाडं तरी वाचलं असतं."

मी गाडीत चढले. खिडकीची जागा मिळाली म्हणून मला बरं वाटलं. हे मला लख्ख आठवतं.

सरांना तिने स्वतःच सांगितलं. सर म्हणाले, झारेकऱ्याची भट्टी ही प्रयोगशाळा नव्हे. निबंधावर सही करायची तर करा. तिने केली नाही. तिची पीएचडी तिथेच राहिली आणि ती कारंज्यात तासिका तत्त्वावर शिकवू लागली, ती शेवटच्या आजारपणापर्यंत. मला वाशीमला कायमची नोकरी लागली. बढतीच्या प्रत्येक अर्जाला मी तोच निबंध सर्वांत वर जोडला.

शोकसभेहून मी तिच्या घरी गेले. भावाने ती वही आणि न तावलेल्या पुडीची, मेणाने झाकण बंद केलेली एक बाटली आणून ठेवली. "ताई, हे तुमच्यासाठी. ती म्हणे, मांगाले आली तं द्यायचं. आपून होऊन नेऊन द्यायचं नाही."

"मी मागितलं कुठे?"

"आल्या ना तुमी. काय हाय ह्याच्यात एवढं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तिचं खरं होतं."

"हो."

"तुमाले तवाच माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली. मुशीत पूड घालून त्याने भट्टी पेटवली. एकदा तावून तोललं की काम झालं, असं मला वाटत होतं. त्याने पुन्हा तावलं, पुन्हा तोललं, तिसऱ्यांदा तावलं. "वजन घटाचं थांबेपर्यंत तावाचं असते," तो म्हणाला. पुन्हा सातवा हिस्सा. वहीतल्या तिच्या अक्षरातल्या आकड्याशी फरक नावापुरता.

सरांना फोन केला. "अहो, लँथेनमचा आकडा तर तोच राहतो ना?" ते म्हणाले. बाकी दोन आकड्यांची आठवण दिली तेव्हा त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांची नावं कशाला खराब करता?" माझं नाव खराब व्हायला आता काही उरलेलं नाही, हे त्यांना सांगत बसले नाही.

नियतकालिकाला मी दुरुस्ती पाठवली: दोन आकडे मागे, गुणक निराधार, कारण पुडीतलं पाणी. वजन कुणी केलं, कुठे केलं, तेही लिहिलं. दुरुस्तीच्या लेखकांत तिचं नाव पहिलं टाकलं. सरांच्या संमतीची जागा कोरी आहे.

चार दिवसांनी संपादकांचं विनम्र पत्र आलं. सोनारकामाचा तराजू अशा मोजणीसाठी प्रमाणित असतो काय, अशी त्यांना शंका होती. मी तिच्या भावाला फोन केला. त्याने काट्याचा फोटो पाठवला. त्यावर वजनमाप निरीक्षकाचा यंदाचा शिक्का होता. "दर साली मारून घ्यावा लागते, ताई," तो म्हणाला. "नाईतं लोक इस्वास कसा ठेवतीन?"

फोटो मी तसाच पुढे पाठवला आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर असा शिक्का मी कधी पाहिला होता का, ते आठवून पाहते आहे. संपादकांनी तो कधी मागितला नव्हता.