एरलानला कापलं कुणी?

पोलादपूरच्या नाक्यावर माझ्या नातवाचा फ्लेक्स लावलात, आणि फोटोतला दुसरा माणूस कापून टाकलात. लाज नाय वाटली?

रामराम नंतर. आधी हे.

आज दिनेशला जाऊन वर्ष झालं. फौजेत होता. बर्फात गाडी दरीत गेली.

मी दुसरी शिकलेली. बोलते मी, फेसबुकवर लिवतो मोबाईल. चुकलं तर त्याला हसा.

त्या फोटोत दिनेशच्या बाजूला एरलान होता. कझाकस्तानचा फौजी. दोन्ही देशांच्या फौजांचं महिनाभर एकत्र ट्रेनिंग होतं. घरात लपलेल्या अतिरेक्यांना बाहेर कसं काढायचं, त्याचं. साहेबांनी या दोघांची जोडी लावली.

मी फोनवर विचारलं, "तुला त्याची भाषा येत नाय. बोलता कसे रे?"

"दारातून शिरताना बोलायचंच नसतं गो आजी. मागच्यानं खांद्यावर हात ठेवला की समजायचं, तो हाय, आपण शिरायचं."

"मग सोपं हाय की."

"कसलं सोपं! त्यांच्यात दंड दाबतात. मी खांद्याची वाट बघतोय, तो दंड दाबतोय. दोघं दारातच उभे. साहेबानं आई-बाप काढले आमचे."

मग एरलान खांदा शिकला. हा दंड शिकला.

इथून नेलेल्या कुळथाची पिठी दिनेशनं त्याला खायला घातली. त्यानं घरून आणलेलं घोड्याचं मटण पुढं केलं.

"खाल्लंस काय रे मेल्या?"

फोन ठेवलान. म्हणजे खाल्लान.

दिनेश गेला तेव्हा एरलानचा व्हिडिओ कॉल आला. एवढा धिप्पाड गडी तो. दोन्ही तळवे उघडून काहीतरी पुटपुटला, मग तोंडावरून फिरवले. माझी सून इकडं हात जोडून बसली. कुणाला काय सांगावं लागलं नाय.

आणि माझा पुतण्या बबन! फ्लेक्स त्यानंच करून आणला. काल विचारलं, तर म्हणतो, "काकी, परदेशी माणूस, त्यात नाव तसलं. इलेक्शन तोंडावर हाय. लोकं कमेंटी करतील."

लोकं?

तुझी लोकं कधी माझ्या नातवाच्या मागं उभी होती रे दारात?

आणि कापायला पण अक्कल लागते. तोंड कापलंत, हात तसाच राहिला दिनेशच्या खांद्यावर. बाजारच्या बाया मला विचारतात, हात कुणाचा?

कुणीतरी तो फ्लेक्स फेसबुकवर टाकला. एरलाननं बघितला. आज सकाळी त्याचा मेसेज आला, मोबाईलनं मराठी करून दाखवला.

"आजी, माझ्याकडून काही चुकलं का?"

दिनेश, बाळा, रामराम घे आजीचा. रडायला मला आज सवड नाय.

एरलानला उत्तर मी देणार नाय. सून पण देणार नाय.

बबन, तू द्यायचंस. तुझ्या नावानं, इथं खाली, सगळ्यांच्या देखत. आजच.