कुलपातला कोरडा बर्फ

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मंगच सांगतो. नाही त साराच्या सारा माह्या अंगावर उडाचा! काऊन की माही अशी फजिती झाली, अशी झाली, की अमडापूरच्या स्टँडवर उतराची मले आजही लाज वाटते.

मी जानेफळले मास्तर. विषय विज्ञान. अन् अमडापूरले माह्या ताईच्या पोरीचं, पिंकीचं लग्न. पिंकीनं या एकुलत्या एक मामाजवळ एकच हट्ट धरला.

"मामा, मले साडी नको, काही नको. मले मांडवात ढगातून चालत आल्यावाणी एंट्री पाह्यजे!"

आता हे ढग कशाचे? त ड्राय आइसचे. म्हणजे कोरडा बर्फ. गरम पाण्यात टाकला की पांढरा धूर पसरते अन् त्या धुरातून नवरी येते. मंडपवाले सलीमभाई म्हणे, "सर, लग्नाच्या दिवशी सकाळी मी घेऊन येतो खामगावहून."

"तुम्ही मंडप पाहा सलीमभाई," मी म्हटलं, "विज्ञान माह्यावर सोडा!"

अन् आदल्या दिवशी दुपारीच खामगावहून चार किलो घेऊन आलो! ताईच्या जुन्या फ्रीजले कुलूप होतं. बर्फाच्या कप्प्यातलं सारं बाहेर काढलं, पिशवी आत कोंबली, कुलूप लावलं अन् किल्ली बनियनच्या खिशात. मे महिना, घरात पंचवीस पोट्टे. गोळा करून चोखला असता लेकाच्यांनी!

ताई म्हणे, "काऊन रे, राहीन का हा उद्यापर्यंत?"

झालं! मास्तरले कोणी प्रश्न विचारला म्हणजे काय होते, तुम्हाले माहीतच हाय. अंगणात लसूण सोलत बसलेल्या साऱ्या बायांचा मी वर्गच घेतला.

"हे पाहा, तुम्ही आता दाटीवाटीनं बसल्या. जागच्या जागी हलता, पण जागा सोडत नाही. हा झाला स्थायू. जेवणाच्या रांगेत एकमेकीले ढकलत पुढे सरकता, तो द्रव. अन् भांडे घासाची वेळ आली की कोण कुठी गेली पत्ताच नाही, तो वायू! थंडीत कण जागा सोडत नाहीत. फ्रीजातला बर्फ जाईन कुठी?"

बाया हसून हसून बेजार. मी त लयच खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरात आली. पिंकी नटूनथटून दारात उभी. पातेल्यात पाणी उकळून राह्यलं. मी ऐटीत कुलूप खोललं, अन् पाहतो त काय? पिशवी रिकामी!

वितळला म्हणावं त पाण्याचा थेंब नाही. पिशवी कोरडी ठणठणीत! तुमच्या ध्यानात आलं असन आतापर्यंत. माह्या नाही आलं! माह्या डोक्यात एकच शब्द. चोरी!

अन् तेवढ्यात आठवलं, सकाळी भाऊजी, म्हणजे पिंकीचे वडील, कुरकुरत होते की मठ्ठा थंडा नाही होऊन राह्यला, बर्फ पाह्यजे. सापडला चोर! मी तावातावानं मांडवात गेलो.

"भाऊजी, मठ्ठ्यात बर्फ टाकला का तुम्ही?"

"हाव, टाकला ना. चांगला दोन लाद्या टाकला!"

मी पुढचं काही ऐकलंच नाही. सरळ माइक धरला. "मठ्ठा कोणी पिऊ नका हो! मठ्ठ्यात ड्राय आइस पडला! पोटात धूर होईन!"

काय गोंधळ झाला म्हणता! नवरदेवाचे वडील तीन गिलास रिचवून बसले होते, ते पोट धरून खालीच टेकले. एका काकानं ढेकर दिली, त त्याची बायको धूर निघते का म्हणून त्याच्या तोंडात पाहे. एक आजी म्हणे, माह्या कानातून वाफ निघून राह्यली. अन् तिनं मठ्ठा घेतलाच नव्हता! "चला चिखलीले, दवाखान्यात!" म्हणत वरातीतले लोक गाड्या काढाले धावले. इकडे पिंकी दारातच रडाले लागली. लग्नच लागते का नाही, अशी वेळ!

तेवढ्यात सलीमभाई धावत आले. माह्या हातातला माइक त्यांनी घेतला. "सर, फ्रीजची किल्ली कोणाजवळ होती?"

"माह्याजवळ."

"रातभर?"

"रातभर."

"मंग भाऊजीनं खोललं कशानं? त्या दोन लाद्या त त्यांनी माह्यासमोर बर्फवाल्याकडून घेतल्या. साधा बर्फ हाय तो."

"मंग माहा कुठी गेला? वितळला असता त पाणी नसतं का सापडलं?"

सलीमभाई लय सभ्य माणूस. हळूच बोलले बिचारे. पण माइक सुरूच होता ना! "सर, त्याचं पाणी होतच नाही. बर्फाचा सरळ वायू होते. घरच्या फ्रीजची थंडी त्याले पुरत नाही. फटीफटीतून उडाला तुमचा माल."

संप्लवन! अरे बाप्पा! हा शब्द मी दरसाल फळ्यावर लिहितो. खाली दोन रेघा मारतो. पोट्ट्यायले दहा दहा वेळा लिहाले लावतो!

गाड्या थांबल्या. लोक पोटावरचे हात काढून परत बसले. पण पिंकी काही हलेना. "मामा, माही एंट्री?"

आता काय करावं? गोठ्यातून घमेलं आणलं, गोवऱ्या पेटवल्या अन् वरून कडुलिंबाचा ओला पाला टाकला. धूर निघाला राजेहो! ढग कसले, हाताले हात दिसेना! पिंकी खोकत, डोळे पुसत, हसत आली, अन् हार घेऊन नवरदेवाच्या काकापुढे उभी राह्यली. काकानं मान खाली केली होती, ती खोकल्यानं. दोन बायांनी तिले दंड धरून योग्य माणसासमोर नेलं, म्हणून निभावलं.

लग्न लागलं. धूर निवळल्यावर नवरदेव लाल लाल डोळे चोळत माह्या पाया पडाले आला. मोठ्या अदबीनं म्हणे, "मामाजी, तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवता?"

सारा मांडव माह्याकडे पाहून राह्यला.

मी म्हटलं, "पी.टी."