फॉलो अप चालू आहे

सुमन, अक्षर वाकडंतिकडं आलंय आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असतील. चौथीपर्यंत तुझ्या शेजारी बसले, नंतर पाटी सुटली ती सुटलीच, सांभाळून घे. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते. तुझी पोर नोकरीसाठी एजंटकडे पैसे भरणार असं तू सटाण्याहून सांगितलंस, आणि मी लगेच वही-पेन घेऊन बसले.

मी सायखेड्याहून सातपूरला कामासाठी निघाले तेव्हा तू सासरी होतीस. नवरा गेल्यावर वर्षभर मी आईकडेच होते. कडेवर छोटी, हातात कपड्यांची पिशवी. एसटी समोर उभी राहिल्यावर आईने पंधरा हजार माझ्या हातात कोंबले. दोन शेळ्या आणि तिच्या पाटल्या विकून आलेले. "परमनंट झाली का मंग सावकाश दे," म्हणाली. "पन तोंड उघडत जा बाई. तिथं कोन वळखीचं नाय."

ते पैसे मी सातपूरच्या एका एजंटकडे भरले. कंपनीत कायमची नोकरी लावतो म्हणाला. ऑफिसात प्लास्टिकची फुलं, अत्तराचा उग्र वास, आणि बोलताना त्याच्या ओठांच्या कडेला गुटख्याचा लाल फेस. महिन्याने विचारलं तर म्हणाला, "फॉलो अप चालू आहे, ताई." मला वाटलं, नोकरीच्या आधीची काही पायरी असेल. पुढच्या महिन्यात म्हणाला, "तुम्हीच फॉलो अप ठेवा." म्हणजे फोन करत राहा. तो उचलायचा नाही. मग टेबलावरची मुलगी माझ्या नावापुढे तोच शब्द लिहायची आणि वही मिटायची. म्हणजे निघा आता. मी मान खाली घालून निघायचे आणि बाहेर आल्यावर मला स्वतःचीच शिसारी यायची. नोकरी नव्हतीच. एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर नटबोल्ट पॅक करत होते. सायखेडा तासाभरावर, पण दोन वर्षं आईला तोंड दाखवलं नाही.

मग तोच शब्द वस्तीत लसी-औषधांचं बघणाऱ्या आशाताईकडून ऐकला. छोटीची लस चुकली होती. "फॉलो अपला आले गं," म्हणत ती तीनदा आली. तिसऱ्या वेळी चिखलात चप्पल तुटलेली, ती हातात घेऊन. लस टोचली तेव्हाच थांबली. मी धीर करून एजंटचं सांगितलं, शब्दाचा अर्थ विचारला.

"काम होईपर्यंत मागं लागायचं," ती म्हणाली. "तुझ्या त्या एजंटच्या मागं कोण लागलंय?"

तेव्हा आई आठवली. मुकादमाने द्राक्षाच्या विरळणीची मजुरी दाबली, तेव्हा ती त्याच्या ओट्यावर जाऊन बसली होती. भांडली नाही. चहा आला, नको. पाणी आलं, नको. "आधी माझी मजुरी दे, मंग तुझं पानी." संध्याकाळी मजुरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी कामाचा खाडा केला, छोटीला शेजारी ठेवलं आणि एजंटच्या बाकावर जाऊन बसले. बोलायचं नव्हतं, म्हणून मला जमलं. टेबलावरच्या मुलीने ग्लासात बोटं बुडवून पाणी आणलं, नको म्हटलं. चहाही नको. बाकावर दोन पोरी होत्या, हातात पैशांची पाकिटं घेऊन.

"मावशी, केव्हाच्या बसल्यात? पाणी पण नाही घेत?" त्यातल्या एकीने विचारलं.

"माझे पैसे परत न्यायला आलेय," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, पाकिटं पर्समध्ये घातली आणि उठल्या.

"ओ ताई, ही काय फॉलो अपची पद्धत झाली का?" तो खेकसला. मी बाकावरून हलले नाही. दारात पैसे भरायला आणखी तिघे येऊन उभे राहिले, तेव्हा त्याने ड्रॉवर उघडला. थुंकी लावलेल्या बोटांनी नोटा मोजल्या. मी त्या नोटा पदराने पुसून घेतल्या.

छोटीला घेऊन थेट सायखेडा गाठलं. आई लसूण सोलत बसली होती. "आली का," एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आता माझी खोली, माझं काम, छोटीची बालवाडी, सगळं सातपूरला आहे. मी राहणार तिथेच. पण दोन वर्षं त्या तांब्यासाठी घसा कोरडा पडला होता.

"थांब," म्हटलं. आधी तिच्या ओटीत पंधरा हजार ठेवले, सगळेच्या सगळे. मग पाणी प्याले.