राखीव जागेचा उमेदवार

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाच्या मुलाखतीला गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक गोंड तरुण बसला होता. समुद्रपूरकडच्या कुठल्याशा खेड्यातून तो पहाटेच्या एसटीने आला होता. चपला काढून त्याने बाकाखाली नीट ठेवल्या होत्या, आणि शर्टाची घडी तो पुन्हा पुन्हा तळहाताने सारखी करत होता.

समोरचा एक उमेदवार त्याला म्हणाला, "तुले कायचा घोर बे? तुयी जागा तं राखीवच हाय!"

दोघंतिघं हसले. तो रागावला नाही.

"राखीव हाय ना भाऊ. मागच्या साली बी होती. मी एकटाच आलतो तिच्यासाठी. तरी योग्य उमेदवार भेटला नाई म्हून जागा रिकामी ठेवली."

तेवढ्यात शिपायाने त्याला आत बोलावलं. तो गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"गावाचं नाव," तो म्हणाला. "अन् म्हणे, जा आता."

चपला पायात घालून तो स्टँडच्या दिशेने निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

मला ती नोकरी लागली. पुढे कित्येक वर्षं दुपारच्या चहाला आमच्या कचेरीत राखीव जागांवरून वाद रंगायचा. यांना सगळं आयतं मिळतं, असं कोणीतरी तावातावाने म्हणायचं. त्याला उत्तर देऊ शकेल असा एकही गोंड माणूस मात्र तिथे कामाला नव्हता.