आमच्या मंडळावरचा लेख

अबुधाबीच्या कॉलेजात आम्ही सहा मराठी पोरांनी मंडळ काढलं होतं. परवाना कोण देणार? म्हणून आमच्या घरी पडदे ओढून, कुजबुजत गणपतीची आरती व्हायची. दाराबाहेर ढीग दिसू नये म्हणून चपलासुद्धा आत.

पुढे इंटरनेटवर कोणीही लिहावं असा ज्ञानकोश निघाला, तेव्हा आमच्या अध्यक्ष महाशयांनी मंडळावर ऐटीत लेख टाकला. दुसऱ्याच दिवशी तो उडवला गेला. कारण दिलं होतं: या मंडळाबद्दल बाहेरच्या कोणी कुठेही एक ओळ लिहिलेली नाही.

अध्यक्ष फोनवर शिव्या घालत होता. "हा आपला अपमान आहे!"

"गाढवा, पेढे वाट," मी म्हटलं. "चार वर्षं चपला आत ठेवल्या, त्याचं सर्टिफिकेट आलंय."