धाब्यावरची बहुभुजाकृती

मी बहुभुजाकृतींवर संशोधन करते. एखादी वेडीवाकडी आकृती घ्यायची, तिच्या प्रत्येक कोपऱ्याला एकच नियम द्यायचा, आणि तो पुन्हा पुन्हा पाळला की आकृतीचं काय होतं ते सिद्ध करायचं. आमच्या लिंबायतच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं, कळलेलं कोणालाच नव्हतं. "पोरगी कोपरे हलवते," असं बाबा कापड विणायच्या लूमवरच्या लोकांना सांगायचे.

त्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मात्र मी ठरवलं की आज सांगायचंच. त्याच आठवड्यात एका कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि गणित न येणाऱ्यालाही कळेल असं बोला, अशी त्यांची अट होती. दुपारी वारा पडला. पतंग घराच्या सपाट धाब्यावर लोळत होते, उंधियू खाऊन सगळे सुस्तावले होते.

"उठा," मी म्हटलं. "तुम्हीच माझे कोपरे."

दादा साड्यांच्या डिझाइनचं काम करतो. त्याने गठ्ठे बांधायची दोरी आणली. दोन्ही टोकं बांधून मी मोठा वेढा केला आणि आई, बाबा, दादा, वहिनी, शेजारच्या मावशी यांच्या हातात दिला. कठड्याशी खुर्चीवर काकू बसली होती. तिलाही दोरी धरायला दिली. वहिनी मुद्दामच आत घुसून उभी राहिली, त्यामुळे आकृतीला चांगला खड्डा पडला.

नियम सोपा होता. मी टाळी वाजवली की प्रत्येकाने आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या बरोबर मधली जागा बघायची आणि तिकडे अर्ध्या वाटेपर्यंत जायचं. ढिली पडलेली दोरी मी ओढून घेणार होते. मधोमध मी चिक्कीचा डबा ठेवला आणि ठणकावून सांगितलं, "शेवटी सगळे इथे भेटाल."

पहिल्या काही टाळ्यांतच वहिनी आपोआप बाहेर सरकली आणि खड्डा भरून निघाला. आईला गंमत वाटू लागली. "मी काहीच ठरवत नाहीये गं," ती म्हणाली, "तरी नीट होत चाललंय."

"हे तर आमच्याकडे रोज होतं!" दादा ओरडला. "कॉम्प्युटरवर कोयरीची कड गुळगुळीत करायला गेलं की कोयरीच लहान होते. मला वाटायचं प्रोग्रॅममध्ये गडबड आहे."

"गडबड नाही. नियमच तसा आहे. प्रत्येक जण शेजाऱ्यांच्या मध्ये ओढला जातो, म्हणून सगळा वेढा आकसतो."

मी टाळ्या वाजवत राहिले. दोरीचा वेढा लहान होत गेला, पण डब्याकडे येईना. हळूहळू सगळे कठड्याकडे सरकत होते. बाबा हसले. "तुझा डबा मागे राहिला. गणित चुकलं."

मी काकूकडे पाहिलं. ती पहिल्यापासून जागची हललीच नव्हती.

"मना गुडघा दुखस," काकू म्हणाली. "मी नही हालस."

"मग गणित बरोबर आहे," मी बाबांना म्हटलं. "एक कोपरा हललाच नाही, तर बाकीच्यांना त्याच्याकडेच जावं लागतं. दुसरीकडे कुठे थांबताच येत नाही. हवं तर सिद्ध करून दाखवते."

"सिद्ध नको, टाळ्या वाजव," मावशी म्हणाल्या.

हात दुखेपर्यंत वाजवल्या. शेवटी पाचही जण खुर्चीभोवती इतके दाटले की काकूचा पदर दादाच्या चपलेखाली आला.

"कसाले गर्दी करतस?" काकू खेकसली, पण हसत होती. बाबांनी स्वतःहून विचारलं, "आणि दोन जण हलले नाहीत तर?"

"तर त्यांच्यामध्ये सरळ रेष."

बाबांनी दोरी दोन हातांत ताणून पाहिली. मग म्हणाले, "हां. तसंच होणार." इतक्या वर्षांत माझ्या विषयातलं काही त्यांनी पहिल्यांदाच स्वतः पडताळून पाहिलं होतं.

मुलाखतीला मी फळ्याकडे गेलेच नाही. दोरी काढली, नियम सांगितला आणि समोरच्या प्राध्यापकांना म्हटलं, "कृपया उभे राहा." ते एकमेकांकडे बघू लागले. मी काकूसारखी जागची हलले नाही. उभे राहतील याची मला खात्री होती. सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला, दोरी हातात घेतली आणि विचारलं, "माझे शेजारी कोण?"

गेल्या जूनपासून मी त्यांच्या शेजारच्याच वर्गात शिकवते.