सहाव्या ओळीतली संगीता

भूतबीत मी मानत नाही, आजही नाही. अठरा वर्षं उपकेंद्रात नर्स आहे. एखाद्या बाईच्या अंगात आलं म्हणतात, तेव्हा मी आधी तिचं हिमोग्लोबिन तपासते. तरी हे लिहितेय... कारण सोबतच्या नर्सना सांगून झालं, त्या ऐकतात आणि आपल्या कामाला लागतात.

आमचं उपकेंद्र जाम गावच्या चौकातून आत सात किलोमीटरवर. मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असते. मागच्या वर्षी अशाच एका मंगळवारी, सकाळी पावणेबाराला, संगीता आली. पहिलटकरीण, आठवा महिना. खुर्चीवर बसून तिने हात पुढे केला. बीपी १७०/११०, पाय सुजलेले. मी चिडलेच — "काऊन वं, इतके दिवस कुठं होती?"

"डोकं लय दुखते, ताई," एवढंच म्हणाली.

रजिस्टरच्या सहाव्या ओळीत आकडा लिहिला आणि दवाखान्याची गाडी बोलवायला मोबाइल घेऊन दाराशी गेले, आत रेंज नसते. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

आमची आशा सेविका वंदना दाराबाहेरच लसीचा डबा उघडून बसली होती. तिला विचारलं, संगीता कुठे गेली? "ताई, थे तं माहेरी गेली ना. पंधरा दिस झाले."

खरंच होतं. मागच्या पानावर मीच 'माहेरी गेली' असं लिहिलं होतं. हे दोन शब्द लिहिले की आमच्या यादीतून ती बाई संपते. माहेरच्या गावची नर्स म्हणते, ही तर सासरची, कार्ड तिकडचं. मधल्या दिवसांत तिला कोणीच तपासत नाही. आम्हा सगळ्यांना हे माहीत आहे.

तिचं माहेर आर्वीच्या पुढे, दोन बस बदलून जावं लागतं. तिच्या आईला फोन लावला.

"संगीता? इथंच झोपून राह्यली. डोकं दुखते म्हणे सकाळपासून."

"उठवा तिले."

"झोपू द्या ना, ताई."

"उठवा म्हणते ना मी."

फोन चालूच होता. मग आईचा आवाज बदलला... संगीताला झटके सुरू झाले होते.

गाडीने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी भरलं तेच — १७०/११०. संगीता वाचली. मुलगी पोटातच गेली होती.

त्या दिवशी मी घरी जाऊन पोळ्या लाटल्या, जेवले. काही वाटलं नाही. अजूनही, वाटायला हवं तेवढं वाटत नाही. रजिस्टर कितीदा तरी उघडून पाहिलं, अक्षर माझंच आहे. थकवा, भास, योगायोग — सगळं लावून पाहिलं, काहीच बसत नाही. ती इथे आली होती, हे मी तिच्या माहेरी किंवा सासरी कोणालाच सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी संगीता सासरी परतली. मी भेटायला गेले. तिने चहा ठेवला, माझ्याजवळ बसली आणि हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी मी तुमच्याकडे आलती, तवा बाळाचे ठोके लागत होते ना?"

मी "हो" म्हणाले. त्या दिवशी मी तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नव्हता.